राजाने घातलेल्या अंड्यांची हकिकत

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
माघ शुद्ध दशमी, शके १९०७
(इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १९८६)

चिरंजीव दादू यास,

भावोजी हरिश्चंद्राचे भरभरून आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे सौ. जनीला. तुझी बोट गोदीत दुरुस्तीला लागली आणि तू महिनाभर घरचं जेवतो आहेस हे वाचून तुझ्या ताईला बरं वाटलं. पाठीचं दुखणं कसं आहे? ओझं कमरेत वाकून उचलू नये, गुडघ्यात बसून उचलावं, हे मी तुला नाटे गावच्या शाळेत तू चौथीत होतास तेव्हापासून सांगत आलो (तेव्हा ओझं दप्तराचं होतं आणि तेही तू बहुधा दुसऱ्याला उचलायला लावायचास). माझी तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, पण गेल्या वीस दिवसांत त्यांचं ऐकायला मला सवड झालेली नाही. ताईही उत्तम. बाकीची मंडळी सुखरूप आहेत. मंडळी म्हणजे कोण आणि किती, ते ओघाने येईल. घाई करून शेवटचं पान आधी वाचू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

तुझ्या पत्रात तीन प्रश्न होते. माशांची जोडी बरी आहे का? त्यांच्यासोबत ठेवायला दिलेलं समुद्रफूल टिकलं का? आणि शिमग्याला नेमक्या कुठल्या दिवशी येऊन जोडी घेऊन जाऊ, कारण तुझे साहेब मार्चअखेर विलायतेहून परतणार, त्यांच्या दिवाणखान्यातली काचेची टाकी तयार आहे, आणि ते खूश झाले तर तू खलाशांवरचा टंडेल होण्याच्या गोष्टीला जरा रेटा मिळेल. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जोडी ठणठणीत आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं देण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. (वर्गातही मी असंच करत असे. कवितेचा अर्थ विचारला की आधी नदीचं वर्णन.)

दिवाळीनंतर तू मिनिकॉयहून दुधाच्या बरणीत घालून ती दोन केशरी लेकरं आणलीस, अंगावर तीन-तीन पांढरे पट्टे, जणू कोणी शाळेत जाताना घाईघाईने खडूचे हात पुसले असावेत. मोठा होता त्याचं नाव मी राजा ठेवलं आणि लहान होती तिचं राणी. राजा टाकीभर मिरवायचा, राणी त्याच्या मागे मागे. मी रोज संध्याकाळी आरामखुर्ची टाकीसमोर ओढून त्यांना एखादी जुनी कविता चालीवर म्हणून दाखवत असे. राजा ऐकायचा. राणीचं लक्ष नसायचं. हे सगळं दोन महिने सुरळीत चाललं होतं, आणि मग पौष संपता संपता एके सकाळी राजाने अंडी घातली.

तुला हसू येईल, मला घाम आला. टाकीत मंगलोरी कौलाचा एक तुकडा मी आडोसा म्हणून उभा केला होता. त्यावर राजा पोट घासत फिरत होता आणि मागे नारिंगी ठिपक्यांची ओळ उमटत होती, अगदी सुवाच्य, समास सोडून. शेदोनशे नव्हे, तीनशेच्या घरात. मी तुझ्या ताईला हाक मारली. तिने पदराला हात पुसत पाहिलं आणि म्हणाली, "मी पयल्या दिवसापासून सांगतेय, मोठी ती बाई हाय म्हणून. घरात कोणाचं चालतं ते बगून ओळखायचं असतं." नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की या जातीत खरोखरच मोठी ती मादी आणि लहान तो नर असतो. नावं बदलावीत असं एकदा मनात आलं, पण राजाला आता राजा या हाकेची सवय झाली होती. तेव्हा या पत्रात राजा म्हणजे आई आणि राणी म्हणजे बाप, एवढं ध्यानात ठेव, म्हणजे पुढे घोटाळा व्हायचा नाही.

आणि बाप असा की पाहत राहावं. अंडी पडल्या क्षणापासून राणीने कौल सोडलं नाही. दिवसभर परांनी वारा घालायचा, तोंडाने एकेक अंडं पुसायचं, मेलेलं असेल तर निवडून काढायचं. राजा अधूनमधून पाहणी करून जाई, आमच्या शाळेत शिक्षणाधिकारी येत तसा. ताई हे बघत कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग कोणाकडे न पाहता म्हणाली, "तीन बाळंतपणं झाली माजी. एका पोराचं लंगोट तरी यांनी वाळत घातलं असंल तर शपथ." दादू, तिचं खरं आहे. तिन्ही वेळा मी वर्गात होतो, पोरांकडून कविता पाठ करून घेत होतो. त्या कविता अजून पाठ आहेत. आपली लेक मालन पहिल्यांदा कधी रांगली, ते मात्र मला ताईलाच विचारावं लागतं.

आता दुसरा प्रश्न, फुलाचा. (ही जागा मी मुद्दाम मधे घातली आहे. वाईट बातमी दोन चांगल्या बातम्यांच्या मधे सांगावी, म्हणजे ती भाकरीतल्या मिठासारखी जाते.) फूल गेलं. दोष माझा. समुद्राचं पाणी मी रोज बंदराच्या पुढे जाऊन, भरती पुरी झाली की भरून आणत असे, आणि एवढं चांगलं पाणी कशात आणावं म्हणून घरातली आजेसासऱ्यांपासूनची तांब्याची कळशी काढली. ताईने ती चिंचेने घासून सोन्यासारखी केली. देवाचं पाणी तांब्याचं, औषधाचं पाणी तांब्याचं, मग समुद्राच्या लेकरांनी काय पाप केलं आहे? वाटेत लोक विचारायचे, "मास्तर, कोणाचा बारावा हाय काय?" कारण तांब्याची कळशी घेऊन रोज समुद्राकडे दुसरं कोण जातं. आठवड्याभरात फुलाच्या पाकळ्या मिटल्या, मग ते ओल्या सुपारीसारखं आकसलं, मग गेलं. तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि अशा नाजूक जिवांना ते विष असतं, हे मला फूल गेल्यावर कळलं. कळशी परत देवघरात गेली आणि मी घासलेटच्या दुकानातून प्लास्टिकचा नवा कोरा डबा आणला. तेव्हापासून लोक विचारतात, "मास्तर, रॉकेल आलं काय?"

हे मला सांगितलं कमळाने. कमळा म्हणजे नाट्याची, आपल्या भागोजी तांडेलाची मुलगी, तुझ्याहून दोन वर्गांनी मागे होती ती. आता ती इथल्या मत्स्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. अंडी घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी धोतर सावरत तिथे गेलो. मला पाहताच ती उठून उभी राहिली, मीही सवयीने "बस, बस" म्हणालो, आणि मग लक्षात आलं की बसायला खुर्ची एकच होती आणि ती तिची होती. ही कमळा पाचवीत असताना कविता पाठ नाही म्हणून मी तिला सबंध तास उभं केलं होतं. तिने तो विषय काढला नाही. पण सगळं सविस्तर समजावून सांगून झाल्यावर डोळे बारीक करून म्हणाली, "आता तुम्ही म्हणून दाखवा, मास्तर." मी अडखळलो. पिल्लांना पहिले दिवस काय द्यायचं, किती वेळा, मेलेली कधी काढायची, पाणी किती बदलायचं, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. "पाठ झालं नाही," ती म्हणाली. "उद्या परत या." तीन दिवस मी परत गेलो, दादू. तिसऱ्या दिवशी मात्र गेलो तो सगळं भुजंगप्रयातात बांधून, आणि हात मागे बांधून म्हणून दाखवलं:

पहाटे उठोनी बघावे तळाशी,
कुणी मंद आहे, कुणी का उपाशी;
नळीने मळाला हळू दूर सारी,
सकाळी पुन्हा दे, पुन्हा दे दुपारी.

प्रयोगशाळेतली मंडळी कामं टाकून दारात जमली होती. कमळाने मला बसायला खुर्ची दिली. (ताई म्हणते, चाळीस वर्षांत तिच्यासाठी एक ओळ जुळली नाही. वास्तविक एकदा जुळली होती, पण शेवटच्या गणात एक मात्रा कमी पडत होती म्हणून मी ती दाखवली नाही.)

आता पुन्हा पुन्हा काय द्यायचं, ते ऐक. पिल्लू जन्मतं ते भाताच्या अर्ध्या दाण्याएवढं. त्याच्या तोंडात मावेल असं खाणं बाजारात मिळत नाही. त्याला लागतात जिवंत किडे, इतके बारीक की एकटा असेल तर डोळ्याला दिसत नाही, हजारो असतील तर पाण्यात धूळ उडाल्यासारखी दिसते. त्यांच्या डोक्यावर चाकासारखं काहीतरी फिरत असतं म्हणून कमळाच्या पुस्तकात त्यांना रोटिफर म्हणतात. मी त्यांना चक्रधर म्हणतो. या चक्रधरांना खायला हिरवं पाणी लागतं. हिरवं पाणी म्हणजे समुद्राच्या पाण्यात कलमांना घालायच्या खताची चिमूट टाकून उन्हात ठेवायचं, की आठवड्यात ते मुरलेल्या शेवाळासारखं होतं. म्हणजे उन्हाने पाणी पोसायचं, पाण्याने चक्रधर पोसायचे, चक्रधरांनी पिल्लं पोसायची, आणि मी फक्त पळापळ करायची. लोणच्याच्या अकरा बरण्या अंगणात एका रांगेत उभ्या आहेत. (यंदा लोणचं नाही. हे ताईला सांगितलं आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.) चक्रधर गाळायला अतिशय झिरझिरीत रेशीम लागतं, तर माझं लग्नातलं उपरणं कापलं. पिल्लांच्या टाकीच्या भिंती काळ्या हव्यात, तर छत्रीचं कापड उसवून तीन बाजूंनी चिकटवलं. पावसाळ्याला अवकाश आहे, आणि लग्न झालेलं आहे.

अंडी सातव्या दिवशी रुपेरी झाली. कौलावरून तीनशे जोडी डोळे बाहेर बघत होते. कमळा म्हणाली, आज फुटणार, दिवे लागायच्या वेळी फुटतील, पण घरात उजेड अजिबात नको. मी ताईला तिन्हीसांजेचा दिवा लावू नको म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "आज अवस हाय," ती म्हणाली. खरंच, पौषाची अमावास्या होती. अमावास्येची संध्याकाळ, घरात अंधार, देवापुढे दिवा नाही, आणि आम्ही दोघं म्हातारी टाकीसमोर पाटावर बसलेली. "अवसंला जल्मलेल्याची शांत करायला लागते," ती कुजबुजली. मी म्हटलं तीनशे शांती कोण करणार. मग तिने माझ्या हातातली बॅटरी घेतली. एका कोपऱ्यात तिने उजेड धरला आणि, दादू, त्या उजेडाकडे पिल्लं निघाली. काचेचे तुकडे, त्यांना डोळे, दुसरं काही नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर शाळेच्या दारातून पोरं यावीत तशी, धक्काबुक्की करत. करवंटीच्या पळीने आम्ही ती एकेक पळी भरून काळ्या टाकीत नेली. ताई प्रत्येक पळीला "हळू" म्हणत होती. मी ऐंशी वेळा "हळू" ऐकलं. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ज्या कवितांमध्ये पाहिलं होतं असं वाटत होतं, तिथेही नव्हतं.

मग हजेरी सुरू झाली. रोज सकाळी चष्मा पुसून टाकीपुढे बसायचं आणि मोजायचं. पहिल्या दिवशी मोजता आली नाहीत. दुसऱ्या दिवशी दोनशेच्या पुढे. तिसऱ्या दिवशी दीडशे. कमळा म्हणाली, "घाबरू नका, एवढी जातातच." मला नाट्याची शाळा आठवली. पहिलीत साठ पोरं बसायची, सातवीत अकरा उरायची. कोणी होडीवर गेलं, कोणी बागेत राखणीला, कोणी मुंबईला. तेव्हाही मी फक्त हजेरीवर रेघ मारत असे. आता तळाशी पडलेलं एकेक नळीने उचलताना हात जड होतो. आणखी एक अडचण. या घरात बांगडे तळणं काही थांबलेलं नाही, थांबावं असं माझंही म्हणणं नाही. पण तव्यावर बांगडा चुरचुरायला लागला की मी उठून टाकीवर पंचा टाकतो. पोरांच्या समोर नको.

सहाव्या दिवशी ते घडलं. सटीचा दिवस. मी प्रयोगशाळेत गेलो होतो. परत येऊन बघतो तो टाकीशेजारी कोरा कागद आणि त्यावर माझं शाईचं पेन. ताईने ठेवलं होतं, सटवीने येऊन लेकरांचं नशीब लिहावं म्हणून. जी बाई महिनाभर "माशांचं लाड, आणि ते पण न खायच्या माशांचं" असं ऐकवत होती, तिने. मला इतका आनंद झाला की मी पेनाचं टोपण निघालेलं आहे आणि शाई पाटावर गळते आहे, हेही बोललो नाही. त्याच दुपारी शेजारची सखू तिच्या सुनेला घेऊन पिल्लं बघायला आली. "बाय बाय, किती गो ही," असं ती चार वेळा म्हणाली. (एकदा म्हणाली असती तर पुढचं टळलं असतं.) ती गेल्यावर मी अंगणात बरण्यांचं बघायला गेलो, आणि ताईने आत मीठ, मोहऱ्या, सात लाल मिरच्या टाकीवरून तीनदा ओवाळून शेगडीत टाकल्या. मी आत आलो तेव्हा ती समाधानाने शेगडीपाशी बसली होती. "बगा," ती म्हणाली, "सात मिरच्या, आणि एक ठसका नाही. केवढी दृष्ट लागली असंल ती." दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, हे तुलाही माहीत आहे. मलाही खोकला आला नाही. मी म्हटलं, खरंच की. आणि ती सखूचं भांडं परत द्यायला गेली.

तो ठसका कुठे गेला, ते मला अर्ध्या तासाने कळलं. टाकीत हवा सोडायचा जो छोटा पंप आहे ना, तो शेगडीच्या वरच्या फळीवर घरघरत असतो. सात मिरच्यांचा सगळा धूर त्याने निष्ठेने ओढून घेतला होता आणि बुडबुडे करून पिल्लांच्या पाण्यात सोडला होता. संध्याकाळच्या हजेरीला एकोणीस होती. सकाळी शंभरावर होती.

दादू, ताई परत आली आणि टाकीसमोर उभी राहिली. तळ पांढरा झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अर्धा तास वीज गेली होती गं. पंप बंद पडला." आयुष्यात मी पोरांना खोटं बोललं म्हणून छड्या मारल्या, आणि इतक्या सहज माझ्या तोंडून ते निघालं. "मेल्या विजेला पण आजच जायचं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज नव्हता. हे तुला लिहितो आहे ते फक्त तू माझा विद्यार्थी म्हणून. ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. तिने पहिल्यांदाच त्यांना आपलं म्हटलं होतं आणि त्यांची दृष्ट काढली होती. त्याच हाताने पिल्लं गेली हे तिला कळलं तर ती पुन्हा टाकीजवळ फिरकणार नाही. (पत्र वाचून झाल्यावर जाळ. पंपापासून लांब.)

त्या एकोणिसांना मी जे जपलं ते विचारू नकोस. कमळाने मिठागरातल्या बारीक कोळंबीची सुकी अंडी एका इंजेक्शनच्या बाटलीतून दिली, तपकिरीएवढी चिमूट. खाऱ्या पाण्यात टाकली की एका दिवसात फुटतात आणि गुलाबी पिल्लं निघतात. आपल्या पोरांनी ती पहिल्यांदा गिळली तेव्हा त्यांची पोटं गुलाबी दिसत होती, आरपार. मी ताईला बोलावून दाखवलं. ती लांबूनच म्हणाली, "जेवली वाटतं." तरी रोज थोडी कमी होत गेली. एकोणीस, चौदा, दहा.

आणि काल, दहाव्या दिवशी, सकाळी साडेसातला (चहा अजून हातात होता, तो पुढे आरामखुर्चीवर सांडला), एक पिल्लू पाण्यात तरंगायचं सोडून तळाशी उतरलं, माझ्या समोर काचेपाशी आलं, आणि त्याच्या डोळ्यांच्या मागे, इथून तिथवर, पांढरी रेघ होती. केसासारखी. आदल्या संध्याकाळी नव्हती. कमळा म्हणते, रेघ उमटली की पिल्लू वाचलं असं धरावं. मी ओरडलो असेन, कारण सखूसुद्धा आली. ताईने वाकून बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि हळूच म्हणाली, "लिवून गेली ओ सटवी." सहाव्या दिवशी ठेवलेल्या कागदावर काही उमटलं नव्हतं, बाईंनी चार दिवस उशिरा येऊन थेट कपाळावरच लिहिलं होतं. एस.टी.सुद्धा इतकी उशिरा येत नाही, पण आली, हे महत्त्वाचं.

आज सकाळच्या हजेरीला सात. साती जणांना रेघ आहे. एकाची अर्धीच आहे, वरून निघाली आणि मधेच थांबली, पण खाण्यात तो सगळ्यांच्या पुढे असतो. उद्या बारावा दिवस, बारसं करायचं ठरलं आहे. ताई म्हणाली, उद्या एकादशी, घुगऱ्या कशा वाटणार? तर उकडलेल्या शेंगा वाटायच्या ठरल्या. नावं मी वृत्तांची काढली आहेत: मंदाक्रांता, शिखरिणी, स्रग्धरा, वसंततिलका, मालिनी, पृथ्वी. अर्ध्या रेघेवाल्याचं नाव यतिभंग, कारण ओळ जिथे थांबायला नको तिथे थांबली आहे.

जनीला आशीर्वाद. तब्येतीला जप. पोस्टाची वेळ झाली म्हणून थांबतो.

तुझा,
हरिश्चंद्र भावोजी

ता. क. तिसरा प्रश्न राहिलाच. शिमग्याला तू अवश्य ये, पालखी नाचवायला तुझ्यासारखा खांदा इथे नाही. पण राजा-राणीला न्यायचं म्हणतोस, त्याबद्दल एक विचार सुचवतो. कमळा सांगते की या जातीची कुठलीही दोन पिल्लं एकत्र ठेवली की त्यांची आपोआप जोडी होते, जो जास्त वाढतो ती बाई. मग साहेबांना वयस्क जोडपं देऊन कशाला? दोन कोवळी पिल्लं दे, साहेब त्यांना वाढताना बघतील, अधिक खूश होतील. मी दोन निवडूनही ठेवली आहेत, मालिनी आणि पृथ्वी. दोघंही फार गुणी. कायम डावीकडच्या कोपऱ्यात काळ्या भिंतीपाशी राहतात, भांडत नाहीत, खाण्यासाठी हावरेपणा करत नाहीत, किंबहुना खाताना मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही. दिवाणखान्याला शोभतील. राजा-राणी मात्र राहू देत. मी तुझ्यापाशी शब्द टाकला असं आजवर कधी झालं आहे का?

ता. क. दुसरा. आज एकादशी. बारसं यथासांग झालं, म्हणून पत्र एक दिवस ठेवून घेतलं. कमळा आली होती, तिने माझं भुजंगप्रयात पाळण्याच्या चालीवर म्हटलं, एक अक्षर न चुकता. मी तिला सांगितलं, बस आता खाली. पत्र बंद करायला ताईकडे देतो आहे, डिंक तिच्याकडे असतो.

चि. दादूस तुज्या ताईचा आशीर्वाद. डिंक लावायच्या आधी मी वाचलं. चार इयत्ता मी पण शिकलेय, आणि त्या यांनी शिकवलेल्या नाहीत.

त्या दिवशी वीज गेली नव्हती. मी सखूच्या पडवीत बसले होते, तिचा पंखा डोक्यावर फिरत होता, आणि तिची आमची तार एकच. घरी येऊन पंपाच्या नळीचा वास घेतला तेव्हाच काय ते समजलं. यांना मी कळू दिलेलं नाही, तू पण देऊ नको. एवढं निवांत खोटं ते चाळीस वर्षांत माज्यासाठी पयल्यांदा बोलले.

दुसरं. पिल्लं सात नाहीत, पाच आहेत. कोपऱ्यातली ती गुणी दोन काळ्या काचेत उमटतात, समोरची हलली की ती हलतात. कमळाला पण म्हाईत आहे. बारशाला आम्ही दोघी त्यांची पण नावं घेऊन कुर्र केलं. तर साहेबाला द्यायला काय नाही. पाचांतलं एक पण ते देणार नाहीत, आणि राजा-राणी नेलीस तर ते परत त्या खुर्चीत बसून भिंतीकडं बघत राहतील, जसे शाळा सुटल्यापासून दोन वर्षं बसलेवते. साहेबाला सांग, मासे गेले. पाप माज्या नावावर लाव. आपले बाबा काय मासे वाटून टंडेल झाले होते?

शिमग्याला येताना बोटीवरनं पंपाची नळी आण, चांगली लांब, पंप पार मागच्या पडवीत ठेवता येईल अशी. सखू आज बारशाला आली, आणि परत चार वेळा "किती गो ही" म्हणून गेली. मिरच्या मी काढून ठेवल्यात.